नाव घातलं का?

सहावीच्या हजेरीपटावर एका मुलीच्या नावापुढे सलग अकरा दिवस गैरहजेरी लागली होती. अंगात ताप असला तरी शाळा न बुडवणारी ही मुलगी. म्हणून एके दिवशी शाळा सुटल्यावर, कल्याणची गाडी पकडण्याआधी, मी तिच्या घरी गेले. मुंब्रा स्थानकाकडून कौशाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूची इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही. दार तिनेच उघडले. हाताला पीठ लागलेले. आत दोन धाकटे भाऊ आणि एका ताटात अर्धवट ओवलेल्या मण्यांच्या माळा.

‘‘अम्मी दवाखान्यात आहे, टीचर. भाऊ झाला. पण अम्मीला रक्त चढवावं लागलं.’’

पुढची हकीकत तिच्या अम्मीनेच मला सांगितली. चिल्ला उरकल्यावर ती मुलीचे प्रगतिपुस्तक न्यायला शाळेत आली तेव्हा. रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या. जवळच्या ज्या नर्सिंग होममध्ये तिने संध्याकाळच्या वेळी दोनदा दाखवले होते, तिथल्या डॉक्टरांनी अंगात रक्त कमी आहे म्हणून हात वर केले. तिथून महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात. तिथे पहिला प्रश्न, ‘‘नाव कुठे घातलंय?’’ नाव कुठेच घातलेले नव्हते. रक्तगट माहीत नव्हता, सोनोग्राफीचा कागद नव्हता, रक्तदाब आधी किती असायचा हे सांगणारे काहीच नव्हते. तिथून मोठ्या रुग्णालयात. तिसऱ्या दारात पोहोचेपर्यंत दोन-अडीच तास गेले. बाळ झाले आणि रक्तस्राव थांबेना. तीन पिशव्या रक्त लागले. आज दोघेही सुखरूप आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण ती रात्र आठवली की तिचा आवाज बदलतो.

मी विचारले, ‘‘नाव का घातलं नव्हतंस?’’

ती म्हणाली, ‘‘घालणारच होते, टीचर. आज-उद्या करता करता राहिलं.’’

या ‘आज-उद्या’च्या पोटात काय काय आहे, ते मी तेव्हापासून शोधते आहे. पालकसभेला येणाऱ्या माता, दूधनाक्यावरच्या माझ्या शेजारणी, गाडीत रोज भेटणाऱ्या बायका, ज्यांना विचारता आले त्यांना विचारले.

आपल्याकडे ‘मुस्लिम बायका दवाखान्यात जात नाहीत, घरीच बाळंत होतात’ असे सर्रास बोलले जाते. आपल्यातले शिकलेले लोकही बोलतात. ते आता खरे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. मुंब्र्यात किंवा कल्याणमध्ये दाईच्या हातून बाळंत झालेली तरुण बाई मला शोधूनही सापडली नाही. पण त्याच सर्वेक्षणात, गरोदरपणात किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. पहिल्या तीन महिन्यांत पहिली तपासणी झालेल्याही साधारण तेवढ्याच. म्हणजे शेवटच्या रात्री दवाखाना गाठतात जवळजवळ सगळ्या, वेळेवर गाठतात दहापैकी सात. शेवटच्या रात्रीचा दवाखाना आणि तिसऱ्या महिन्याचा दवाखाना यांत जो फरक आहे, तोच त्या अम्मीच्या तीन पिशव्या रक्ताचा हिशेब आहे.

नाव घालणे म्हणजे नुसते वहीत नाव लिहिणे नव्हे. त्या दिवशी वजन, रक्तदाब, लघवीची तपासणी होते, रक्तगट आणि हिमोग्लोबिन कळते, साखर पाहतात, धनुर्वाताचे इंजेक्शन ठरते, माता-बाल संरक्षण कार्ड हातात पडते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, ७ च्या खाली असेल तर गंभीर. महाराष्ट्रातील १०० गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४६ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे याच सर्वेक्षणात दिसले. चौथ्या महिन्यात हे कळले तर लोहाच्या गोळ्यांनी, गरज पडल्यास सलाईनमधून लोह देऊन, भरून काढायला वेळ असतो. नवव्या महिन्याच्या रात्री अकरा वाजता कळले तर उरते ती रक्तपेढीकडे धाव.

आता ‘आज-उद्या’कडे येते.

त्या अम्मीचा नवरा भाड्याची रिक्षा चालवतो. मालकाचे पैसे आणि गॅसचे पैसे वजा जाता जे उरेल ते घरात. ती घरी बसून नकली दागिन्यांचे मणी ओवते, मोबदला नगावर. महापालिकेच्या दवाखान्यातली तपासणी सकाळची. सकाळी मोठीला शाळेत पाठवायचे, धाकट्यांना कुणाकडे तरी ठेवायचे, नवऱ्याने सोबत यायचे म्हणजे त्याच्या सकाळच्या फेऱ्या बुडाल्या. पहिल्या दिवशी केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवणे, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त, तिसऱ्या खेपेला रिपोर्ट, सोनोग्राफीची तारीख चौथी. तपासणी मोफत खरी, पण चार सकाळी मोफत नाहीत. उलट गल्लीतला खासगी डॉक्टर रात्री नऊपर्यंत बसतो. मुले झोपल्यावर जाता येते, धंदा बुडत नाही, पाच मिनिटांत ताकदीची बाटली मिळते. म्हणून पैसे नसलेली बाई पैसे देऊन दाखवते, आणि आपण म्हणतो, फुकट असूनही येत नाहीत!

नोकरदार माणसाला हे लवकर कळत नाही. मला बाळंतपणाची पगारी रजा मिळाली होती. मणी ओवणारीला तो शब्दही माहीत नाही.

दुसरी गोष्ट घराची. मुंब्रा-कौशात निम्मे बिऱ्हाड पेट्या बांधूनच ठेवलेले असते. ११ महिन्यांचा करार संपला की नवी खोली. हेवी डिपॉझिट वाढले की आणखी आतल्या गल्लीत. पाचव्या महिन्यात एका इमारतीत असलेली बाई आठव्या महिन्यात दुसऱ्या इमारतीत. आशाताई जुन्या दारावर थाप मारून परत जाते. नव्या वस्तीतल्या आशाला ही बाई माहीत नसते. आधारवर पत्ता तिसराच, कधी गावचा, कधी माहेरचा. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून किती कुटुंबे इथे आली हे आपल्या सर्वांना माहीत आहे. त्यांची पोरे आता आई-बाप झाली, तरी पत्त्याचा कागद काही स्थिर झाला नाही.

आणि नावाचे स्पेलिंग! शाळेच्या जनरल रजिस्टरवर मी रोज हा गोंधळ पाहते. एकीकडे शेख, दुसरीकडे शैख. एकीकडे बानो, दुसरीकडे बानू. निकाहआधीचे बँक खाते वडिलांच्या नावाने, आधार नवऱ्याच्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पहिला हप्ता मिळायला शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झालेली असावी लागते. म्हणजे पुन्हा गाडी नाव घालण्यापाशीच अडते. ज्यांच्या घरी लग्न ठरले आहे, त्यांनी जहेजच्या यादीपेक्षा मुलीच्या आधार आणि पासबुकावरची अक्षरे आधी तपासावीत, असे मी आता बिनदिक्कत सांगते. काही जणी हसतात. हसू देत.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये बाळंतपणातील मृत्यूंबद्दल एक साधी मांडणी केली, ती पुढे जगभर वापरली गेली. बाई दगावते ती तीन उशिरांमुळे. दवाखान्यात जायचे ठरवायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आपण बहुतेक तिसऱ्या उशिरावर भांडतो, डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडतो. भांडावेही. पण पहिला उशीर आपल्याच उंबरठ्याच्या आत होतो.

ठरवते कोण? बहुतेक घरांत सासू, आणि पैसे नवऱ्याच्या खिशात. सासूबाई वाईट असतात असे नाही. त्यांनी सात-आठ बाळंतपणे गावी, चुलीजवळ काढलेली असतात. ‘आम्हाला कुठे होती सोनोग्राफी?’ हा त्यांचा प्रश्न मनापासूनचा असतो. त्यांच्या त्या सात-आठांतली किती जगली, हे विचारले की मात्र त्या गप्प होतात. एका खालाने माझ्यासमोर बोटे मोजली आणि तिसऱ्या बोटाशी थांबली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः सुनेला घेऊन गेली. लोहाच्या गोळीने बाळ काळे होते, बाळ मोठे होऊन पोट फाडावे लागते, असल्या समजुती अजून घट्ट आहेत. गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते, एवढाच त्रास. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यावी आणि मध्ये चहा नको, हे डॉक्टरीणबाईंनी घाईत सांगितलेले वाक्य घरी पोहोचेपर्यंत विरून जाते. आपल्या घरांत चहा किती वेळा होतो ते सांगायला नको.

डॉक्टर बाईच हवी, हा आग्रह पुष्कळ घरांत असतो. त्याला हट्ट म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. लाज वाटणे हे काही अडाणीपणाचे लक्षण नाही, आणि तपासणीच्या खोलीला नीट पडदा असावा ही मागणी कुठल्याही धर्माच्या बाईची असते. पण त्या आग्रहापायी तपासणीच टळत असेल तर हिशेब चुकतो. जिवाचा प्रश्न असेल आणि बाई डॉक्टर नसेल, तर पुरुष डॉक्टरला दाखवण्यास आपल्या उलेमांनी मनाई केलेली नाही. हकीम अजमल खान यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत स्त्रियांसाठी तिब्बी शिक्षणाची वेगळी सोय केली, दायांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे म्हणून. परदा पाळणाऱ्या समाजाला डॉक्टर बायका लागणार, हे त्यांना तेव्हा कळले होते. आपल्याला डॉक्टरीण हवी आणि आपली मुलगी मात्र दहावीनंतर घरी हवी, हे गणित मला फळ्यावर मांडता येत नाही.

सर्वांत कठीण गोष्ट मला तिसऱ्या-चौथ्या वेळच्या बायकांनी सांगितली. रांगेत उभे असताना नर्स मोठ्याने विचारते, ‘‘कितवं?’’ तिसरे, चौथे म्हटले की बाकावरच्या सगळ्या माना वळतात. कुणी म्हणते, ‘‘तुमच्यात असंच असतं.’’ बुरख्यातल्या बाईला ते वाक्य वेगळ्या सुरात ऐकू येते. मग काय होते? ती दुसऱ्यांदा त्या दाराशी जात नाही, किंवा खोटे सांगते. पडलेले मूल लपवते, आधीचे सिझेरियन लपवते. हे लपवणे फार धोक्याचे. चौथ्या बाळंतपणात रक्तस्रावाची भीती जास्त, आधीच्या टाक्यांची काळजी वेगळी, हे डॉक्टरांना माहीत नको का? काही बायकांच्या मनात अजून बसले आहे की तिसऱ्या अपत्याला सरकारी मदत बंद. जननी सुरक्षा योजनेत दोन अपत्यांची आणि वयाची अट पूर्वी होती. २०१३ मध्ये ती काढली. दारिद्र्यरेषेखालील मातेला, कितवेही बाळंतपण असो, शहरात ६०० रुपये मिळू शकतात. रक्कम लहान आहे, पण अट गेली हे कळणे मोठे आहे. २०११ पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी आरोग्य संस्थेत बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण आणि ने-आण मोफत असायला हवी. महापालिकेच्या आपल्या दवाखान्यात यातले काय मिळते, ते नाव घालतानाच विचारून घ्यावे. रात्री अकराला विचारायची ती गोष्ट नव्हे.

दिनाबाबत थोडे. सूरह लुकमानमध्ये गर्भ वाहणाऱ्या आईच्या एकामागून एक वाढत जाणाऱ्या अशक्तपणाचा उल्लेख आहे. सूरह बकरामध्ये दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बाळाच्या वडिलांवर टाकली आहे. सूरह तलाकमध्ये तर तलाक झालेली पत्नी गरोदर असेल तरी ती बाळंत होईपर्यंत तिचा खर्च पतीने करावा असा आदेश आहे. वेगळ्या झालेल्या पत्नीचा हक्क एवढा, तर नांदत्या पत्नीला सोनोग्राफीसाठी हात पसरावा लागणे हे कुठल्या शरीअतमध्ये बसते? रमजानचेही तसेच. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या स्त्रीला रोजातून सवलत असल्याचे हदीसमध्ये आहे. कजा करायचा की फिदया द्यायचा, हे आपल्या आलिमांना विचारावे. पण आमच्या इमारतीत सातव्या महिन्यात, हिमोग्लोबिन ८ असताना, तीस रोजे पुरे करणारी सून मी पाहिली आहे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ‘लोक काय म्हणतील’ एवढेच होते.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत आहे. कुणी महाडला, कुणी चिपळूणला, कुणी मालेगावला, कुणी थेट जौनपूर-आझमगढला. सातवा लागला की गाडीत बसवतात. इथे नाव घातले असेल तर ते इथेच राहते. तिथे नवे नाव आठव्या-नवव्या महिन्यात पडते. आमच्या शेजारची मुलगी कागदांची पिशवी घरी विसरून गावी गेली आणि तिथे सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या, त्याही अर्ध्याच झाल्या. माहेरी पाठवताना मिठाई राहिली तरी चालेल, ते कार्ड आणि रिपोर्ट आधी पर्समध्ये घालावेत. कार्डावरचा नोंदणी क्रमांक गाव बदलल्याने बाद होत नाही.

घराबाहेरचे उशीरही खोटे नाहीत. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर होते. त्यानंतर किती इमारती उठल्या ते गाडीच्या खिडकीतून रोज दिसते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे साधारण ५०,००० वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र हवे. मुंब्रा, कौसा, दिवा या पट्ट्यात राहणाऱ्याने हा आकडा आपल्या गल्लीशी ताडून पाहावा. कौशातल्या महापालिका रुग्णालयाचे काम किती वर्षे रेंगाळले हे इथले पोरसोरही सांगेल. कल्याणमध्ये रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये. गुंतागुंत वाढली की तिथून कळवा, उल्हासनगर नाहीतर थेट मुंबई. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या ५०० खाटांच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. तो प्रश्न बाळंतपणाचा नव्हता. पण त्या एका इमारतीवर किती शहरांचा भार आहे, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला दिसले. शिळफाट्याच्या वाहतुकीत अडकलेल्या रिक्षात कळा देणाऱ्या बाईला हे आधीपासून माहीत होते.

महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावतात, देशात ९७. हे २०१८-२० चे आकडे. आपले राज्य यात पुढे आहे आणि त्याचा आनंदच आहे. पण ३३ हा आकडा ज्या घरातला असतो, तिथे तो एकच असतो, आणि बहुधा त्या घरातली मोठी मुलगी शाळेतून गळते. मला हा विषय आकड्यांनी नव्हे, हजेरीपटाने शिकवला.

त्यानंतर आम्ही शाळेत फार मोठे काही केले नाही. पालकसभेच्या शेवटी दहा मिनिटे वाढवली. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. चौथ्या महिन्यानंतरच्या गरोदर बायकांना त्या दिवशी डॉक्टर तपासतात. २०१६ पासून हे चालू आहे आणि आमच्या सभेत ते फक्त दोघींना माहीत होते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गरोदर माता व नवजात बाळांसाठी १०२, हे क्रमांक मुलींनी वहीच्या शेवटच्या पानावर उर्दू आणि मराठी दोन्हींत लिहून घेतले. एकटीने जाण्यापेक्षा इमारतीतल्या दोघी-तिघींनी एकत्र जायचे, म्हणजे एकीची मुले दुसरी सांभाळते आणि रांगेत ‘कितवं?’ विचारले तरी बाजूला ओळखीचे माणूस असते. ही युक्ती माझी नाही, त्या रिक्षावाल्याच्या बायकोची. नवऱ्यांना मात्र अजून सभेला आणता आलेले नाही. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी दोन शब्द सांगावेत म्हणून मशिदीच्या कमिटीला विनंती केली आहे. ‘बघू’ म्हणाले आहेत.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती सहावीतली मुलगी, आता सातवीत गेलेली, स्टाफरूमच्या दाराशी उभी होती. हातात कुणाची तरी प्लास्टिकची फाईल. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या भाभीची. भाभीला मराठी वाचता येत नाही, म्हणून ती घेऊन आली होती. आत आधारची प्रत, भाडेकरार आणि घरीच केलेल्या तपासणीची पट्टी कागदात गुंडाळून ठेवलेली.

‘‘टीचर, तिसरा महिना लागलाय. नाव घालायला अजून काय काय लागतं?’’